इमानाची बिल्डिंग

आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात विमानाला ‘इमान’ म्हणतात. आभाळात बारीक घरघर ऐकू आली की खुरपणाऱ्या बाया कपाळावर हात धरून वर बघतात आणि म्हणतात, “इमान चाललं.” माझी आई मुंबईतली एकच इमारत ओळखते आणि तिला ‘इमानाची बिल्डिंग’ म्हणते. कागदोपत्री तिचं नाव एअर इंडिया बिल्डिंग. नरिमन पॉइंटला, मरीन ड्राइव्हचं वळण संपतं तिथं, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली 23 मजल्यांची पांढरी कचेरी. 1974 मध्ये ती पुरी झाली. त्याआधीचे दोन हंगाम माझ्या आईवडलांनी तिथं घमेली वाहिली. त्यातल्या पहिल्या हंगामात मीही तिथं होते. वय आठ, कडेवर धाकटा भाऊ.

पुढं मी शिक्षिका झाले आणि तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. इतिहास हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मुलांना किल्ले शिकवले, राजे शिकवले, तह शिकवले. या इमारतीचा इतिहास मात्र कुठल्याच पुस्तकात आमच्या बाजूनं लिहिलेला सापडला नाही, म्हणून तो लिहायला बसले आहे.

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळापासून करावी लागते. आमच्याकडे त्याला नुसतं ‘बहात्तर’ म्हणतात. खरं तर पाऊस 1970 पासूनच हुलकावणी देत होता. लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं गेलं तेव्हा माणसं मोडली. बालाघाटच्या माथ्यावरची आमची जमीन मुळातच हलकी, वीतभर मातीखाली मुरूम. ज्वारी पोटऱ्यात यायच्या आधीच वाळून गेली. गावाजवळ पाझर तलावाचं आणि खडी फोडायचं काम निघालं. गावच्या गाव हातोडे घेऊन माळावर बसलं. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती आणि ती तव्यावरच तुटायची. कामावर सुखडी वाटायचे. मे 1973 मध्ये राज्यभरात जवळपास 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. पुढं देशात गाजलेली रोजगार हमी योजना याच माळावरच्या खडीतून उभी राहिली. आमच्या भागातल्या कित्येक तलावांना लोक अजून ‘बहात्तरचा तलाव’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी दिसलं की म्हातारी माणसं हात जोडतात.

आमच्या घरात तेव्हा सात खाणारी तोंडं होती आणि हजेरी दोघांची. दिवाळी झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ठरवलं की मुंबईला जायचं. गावातला एक मुकादम आधीच तिकडं गेला होता. “समुद्रात बिल्डिंगा बांधायलेत, कितीबी मानसं लागायलीत,” असा त्याचा सांगावा आला होता. समुद्रात बिल्डिंग कशी बांधतात, असं आजीनं विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

बीड गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. एसटीनं अहमदनगरला, तिथून दौंडवरून गाडी, आणि बोरीबंदरला उतरल्यावर डोक्यावर बोचकं घेऊन पायी. साडेतीनशे किलोमीटरचा तो प्रवास मला वासानं आठवतो. नगरपर्यंत धुळीचा वास, पुढं कोळशाचा, आणि शेवटी एक खारट, ओला वास. मी आईला विचारलं, हे काय सडलंय? ती म्हणाली, “आगं, पानी हाय ते. लई पानी हाय.” तीन वर्षं पाण्यासाठी रडलेल्या बाईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि ओंजळ भरून तोंडाला लावली. मग थुंकली आणि मटकन खाली बसली. ती तशी बसलेली मला अजून दिसते.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला फार वर्षांनी पुस्तकांतून मिळालं. नरिमन पॉइंट ही जमीन निसर्गानं दिलेली नाही. बॅकबेचा उपसागर बुजवायची मोठी योजना 1920 च्या सुमाराला गव्हर्नर लॉइड यांच्या काळात निघाली. 1,145 एकर जमीन समुद्रातून काढायची होती. भिंत घातली, बंदरातला गाळ उपसून नळांवाटे आत सोडला. भिंतीच्या फटींतून तो गाळ पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगला, मुंबईकर या योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले, आणि शेवटी ठरल्याच्या निम्मीसुद्धा जमीन निघाली नाही. या कारभारावर जाहीरपणे तुटून पडले ते खुर्शेद फ्रामजी नरिमन. पारशी वकील, काँग्रेसचे पुढारी, लोकांनी त्यांना वीर म्हटलं. हार्वे नावाच्या अभियंत्यानं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. 1928 मध्ये नरिमन निर्दोष सुटले. स्वातंत्र्यानंतर भरावाचं काम पुन्हा सुरू झालं आणि साठ-सत्तरच्या दशकांत समुद्र आणखी मागं रेटून जी नवी जमीन केली, तिला त्याच नरिमनांचं नाव मिळालं. भरावाच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्याचं नाव त्या भरावालाच द्यावं, ही गोष्ट मी दर वर्षी सातवीच्या मुलांना सांगत असे. ती पुस्तकात नव्हती.

भराव म्हणजे तरी काय? दगड, मुरूम, माती. 1972-73 मध्ये माझी चुलती आमच्या माळावर खडी फोडत होती आणि त्याच वेळी माझी आई दगडमातीनं बुजवलेल्या समुद्रावर उभी राहून खडीची घमेली उचलत होती. बालाघाटचा काळा दगड आणि मुंबईच्या पोटातला काळा दगड एकाच जातीचे, दख्खनवर कोट्यवधी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे. दोन्हीकडची खडी आईला ओळखीची वाटली. ती म्हणायची, “दगूड आपलाच व्हता, फकस्त वाळू तिकडची.”

आम्ही गेलो तेव्हा शेजारचं एक्स्प्रेस टॉवर्स उभं झालेलं होतं. जोसेफ स्टाइन या वास्तुशिल्पीनं आखलेली ती 25 मजल्यांची इमारत 1972 ची. पलीकडं ओबेरॉय हॉटेल चढत होतं. आमची इमारत अजून गजांच्या जाळीत होती. सगळीकडं सळया, सेंट्रिंगच्या फळ्या, बांबूंच्या परांच्या, आणि दिवसभर मिक्सरचा खडखडाट. माल चढवायला यंत्राची पालखी होती. माणसांना जिना, तोही कठडा नसलेला. पालखीतून उतरलेला माल स्लॅबवर पसरायला बायांची रांग लागायची. घमेलं या हातातून त्या हातात, डोक्यावर, पुढं, रिकामं परत. आईच्या डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ असायची. स्लॅब पडायचा दिवस म्हणजे परीक्षा. एकदा काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की सांधा पडू द्यायचा नाही, म्हणून अंधार पडला तरी दिव्यांच्या उजेडात काम चालायचं. त्या दिवशी गूळ-शेंगदाणे वाटायचे आणि हजेरी दीड धरायचे. बायांची हजेरी गड्यांपेक्षा कमी होती. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 मध्ये आला. तोवर आमचं तिथलं काम संपून दोन वर्षं झाली होती.

वरच्या मजल्यांवर वारा फार. आई सांगते, पदर कमरेला खोचून त्यावर दोरी बांधावी लागायची, नाहीतर पदराचं शीड व्हायचं आणि माणूस ओढलं जायचं. माझ्या आठवणीत एक दुपार अशी आहे की सगळं काम एकदम थांबलं. मिक्सर थांबला म्हणून मी दचकून वर बघितलं. एक गडी पडला होता. तो आमच्याकडचा नव्हता, दक्षिणेकडचा कुणी होता. त्याचं नाव मला तेव्हाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू झाला. आईनं त्या दिवशी मला तिच्याजवळून हलू दिलं नाही.

आम्ही राहायचो ते पत्र्याच्या आणि तरटाच्या खोपटात, कफ परेडच्या बाजूला. कोळ्यांची वस्ती जवळच होती. कोळणी उरलेली मासळी स्वस्तात द्यायच्या. आमच्या वारकरी घरात ती चालत नव्हती, तरी भावाचे पाय काटक्यांसारखे झाले होते म्हणून आईनं एक दिवस माळ काढून खुंटीला लावली आणि त्याला शिजवून भरवली. गावी परतल्यावर तिनं आजीला स्वतःच सांगितलं. आजी गप्प राहिली, मग नातवाला मांडीवर घेऊन म्हणाली, “जगला की.”

भावाची झोळी तळमजल्यावर दोन खांबांच्या मधे टांगलेली असायची आणि मी तिला झोके देत बसायचे. त्या काळात बांधकामांवर अशी शेकडो पोरं सिमेंटच्या धुळीत लोळत असायची. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत अशाच पोरांसाठी मोबाइल क्रेशेसचं काम सुरू केलं आणि 1972 मध्ये ते मुंबईत आलं. जिथं बांधकाम तिथं पाळणाघर. इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीवर. आमच्या वस्तीतही त्या हिवाळ्यात दोन ताया येऊ लागल्या. एका पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी, पाटी, आणि दुपारी दूध. गावच्या शाळेत मी पहिलीतून दुसरीत गेले होते, पण बाराखडी पक्की नव्हती. ती पक्की झाली त्या शेडमध्ये. सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या उलट्या करून त्यावर आम्ही कोळशानं लिहायचो. मी शिक्षिका झाले त्याची सुरुवात विचारली तर मी ती जागा सांगते.

आमच्या मुकादमाला इमारत कुणाची एवढं ठाऊक होतं. आखली कुणी, हे मला पुस्तकात सापडलं. न्यूयॉर्कचे जॉन बर्जी, फिलिप जॉन्सन यांचे भागीदार. एअर इंडियाचे अध्यक्ष तेव्हा जे. आर. डी. टाटा होते. 1932 मध्ये कराचीहून स्वतः विमान चालवत ते जुहूला उतरले, तिथून या कंपनीची कहाणी सुरू होते. 1953 मध्ये कंपनी सरकारची झाली तरी अध्यक्ष तेच राहिले. 1971 मध्ये जम्बो जेट आलं. कंपनीचा तोरा असा होता की तिला साजेशी कचेरी हवी होती, आणि ती अशा जागी हवी होती की मरीन ड्राइव्हवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसावी. माथ्यावर धनुष्य ताणलेला अर्धा माणूस, अर्धा घोडा बसवला. रात्री तो उजळायचा.

जगभरच्या विमान कंपन्यांना तेव्हा हाच ध्यास होता. न्यूयॉर्कमध्ये पॅन अ‍ॅमनं 1963 मध्ये 59 मजले चढवले. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या बोगोटा शहरात, समुद्रसपाटीपासून 2,600 मीटर उंचावर, आव्हियांका कंपनीनं 1969 मध्ये 41 मजल्यांची कचेरी उभी केली. आव्हियांका ही जगातल्या सर्वात जुन्या विमान कंपन्यांपैकी एक, 1919 ची. त्या इमारतीबद्दल वाचताना मी एका तारखेपाशी थांबले. 23 जुलै 1973 ला तिला आग लागली. मधल्या मजल्यांवर लागलेली आग वर चढत गेली, अग्निशामकांच्या शिड्या तिथवर पोचेनात, आणि गच्चीवर पळालेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. चार माणसं गेली. इमारतीचा सांगाडा टिकला, ती दुरुस्त झाली आणि आजही त्याच नावानं उभी आहे. ज्या महिन्यात ती जळत होती त्या महिन्यात आम्ही पहिला पाऊस बघून गावी परतलो होतो. त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. बाजरी काढून, ज्वारी पेरून आईवडील पुन्हा मुंबईला गेले, कारण सावकाराचं फेडायचं होतं. मला शाळेसाठी आजीजवळ ठेवलं. तो दुसरा हंगाम. इमारतीचे शेवटचे मजले त्या हंगामातले.

उंच इमारतीचं मला वावडं नाही. आमचा जिल्हा मात्र आपली हुशारी जमिनीखाली दाखवत आला. बीडजवळची खजाना बावडी बघा. सोळाव्या शतकात, मूर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानानं ती बांधून घेतली. तळाशी भुयारी वाटांनी पाणी येतं आणि पाटानं शेताला जातं. इतकी शतकं लोटली तरी त्या पाण्यावर शेतं भिजली आहेत. ती आखणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात, आणि ते नाव टिकलं याचा मला आनंद आहे. मुलांना बावडीवर नेलं की मी त्यांना दगडांवरून हात फिरवायला लावायचे आणि विचारायचे, हा इथं कुणी आणला असेल? एका वर्षी एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या वडारवाड्यातल्यांनी.” तिला वहीत ते लिहायला सांगितलं. इतिहासाचा माझा सगळ्यात चांगला तास तोच.

1986 मध्ये शाळेची सहल मुंबईला नेली. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मुलांची रांग बसवून मी त्यांना ती इमारत दाखवली. माझ्या आईनं हिच्या बांधकामाला हातभार लावला, असं सांगितलं. मुलं आधी खोटं समजली. मग एकानं विचारलं, “आत जाऊन बघू का?” आम्ही काचेच्या दारापर्यंत गेलो. पहारेकऱ्यानं काम विचारलं. मी काम सांगू शकले नाही. त्या माणसाचा दोष नव्हता, त्याला नेमून दिलेलं तो करत होता. आत भिंतींवर चांगली चांगली चित्रं होती म्हणतात. एअर इंडियानं हुसेन, गायतोंडे अशा चित्रकारांची कामं उमेदीच्या काळातच घेतली होती. तो संग्रह 2023 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. आम्ही कठड्यावर परत येऊन भेळ खाल्ली.

मग 12 मार्च 1993. शुक्रवार होता. दुपारी शेअर बाजारापासून स्फोट सुरू झाले आणि त्यांतला एक एअर इंडिया बिल्डिंगच्या पोर्चमध्ये, गाडीत ठेवलेल्या बॉम्बचा. तिथं 20 माणसं मेली, मुंबईभर 257. संध्याकाळी रेडिओवर नाव ऐकल्यावर मी शेतात जाऊन आईला सांगितलं. ती विळा खाली ठेवून बराच वेळ बांधावर बसली. किती माणसं गेली हे तिनं दोनदा विचारलं. अंधार पडताना, घरी येता येता, म्हणाली, “खांब हायती का?” मी म्हटलं, आहेत. “ते असनारच,” ती म्हणाली, आणि रडली. भावाची झोळी त्याच मजल्यावर टांगलेली असायची.

2013 मध्ये एअर इंडियानं आपलं मुख्यालय दिल्लीला हलवलं. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली, इमारत मात्र सरकारी कंपनीकडेच राहिली. पॅन अ‍ॅम तर 1991 मध्येच बुडाली होती. तिच्या इमारतीवर आता विमा कंपनीचं नाव आहे. मुंबईत 2012 च्या आगीनं मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली, खाती शहरभर विखुरली. राज्याला जवळच मोठी जागा हवी होतीच. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं 1,601 कोटी रुपयांना एअर इंडिया बिल्डिंग घ्यायचं ठरवलं आणि मार्च 2024 मध्ये केंद्रानं मान्यता दिली. जमीन आधीपासून राज्याचीच होती, भाडेपट्ट्यानं दिलेली.

म्हणजे आता आमच्या जिल्ह्यातली माणसं तिथं कामं घेऊन जाणार. पीकविम्याचा तंटा, धरणग्रस्ताचा मोबदला, बदली, अनुकंपा, शाळेची मान्यता. रात्रीच्या एसटीनं निघायचं, पहाटे आमदार निवासात तोंड धुवायचं, पास काढायला रांगेत उभं राहायचं. हे सगळं मी स्वतः केलेलं आहे. माझी मागणी एकच आहे आणि ती मी लेखी पाठवलीही आहे. त्या इमारतीच्या दारात एक पाटी लावावी आणि तीवर लिहावं की ही वास्तू दुष्काळाच्या सालांत, दूरदूरच्या गावांहून आलेल्या मजुरांनी बांधली. नावं नसली तरी चालतील. आमच्या माळावरच्या खडीच्या कामाचे हजेरीपट होते, माझ्या चुलतीचा अंगठा त्यावर होता. आईचा अंगठा मुकादमाच्या वहीवर होता, आणि ती वही मुकादमाबरोबरच गेली.

बांधकाम मजुरांसाठी 1996 मध्ये केंद्राचा कायदा झाला, पुढं राज्यात मंडळ आलं. पाटोद्यात त्या मंडळाच्या भांड्यांच्या संचाचं वाटप होतं तेव्हा बायांची रांग रस्त्यापर्यंत येते. माझी भाचेसून बघून आली आणि म्हणाली, आत्यांच्या आईलाही मिळेल का? गेल्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय साठच्या आत लागतं. आईला मी समजावलं. ती म्हणाली, भांडी काय करायचीत मला.

इमारत राज्य सरकार घेणार, ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा ती ओसरीवर शेंगा फोडत होती. पडद्यावर इमारत दिसली. तिनं चष्मा लावला, उठून जवळ आली, बोटानं मजले मोजायला लागली आणि चित्र बदललं. मी सांगितलं, आता तिथं मंत्रालयाची हापिसं येणार, आपल्याकडची माणसं कागद घेऊन जाणार, तुझ्याएवढ्या म्हाताऱ्याही जाणार पगारीच्या कामाला.

ती जिन्यानं चढली होती, रोज, दोन हंगाम. शेंगांचं सूप मांडीवर घेत तिनं विचारलं, “लिफ्ट बसवली का गं त्यांनी?”